बसणाऱ्याला भाडं नाही

आमच्या ब्रॅमली गावात न्यायालय भरायचं ते माझ्या खाणावळीत. न्यायालयाची इमारत होती, म्हणजे तिच्या चार भिंती होत्या. छपराचे पैसे राजधानीहून, होबार्टहून, यायचे होते, आणि होबार्टहून आमच्याकडे नियम सोडले तर दुसरं काहीच वेळेवर येत नसे. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी 'काळा हंस'मधली टेबलं भिंतीला सारायची, बिअरच्या पिंपांवर चादर टाकायची, आणि दंडाधिकारी लॉकसाहेब माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसून न्याय करायचे. नवरा वारल्यापासून ती खुर्ची रिकामीच होती. सरकार जागेचं भाडं देत नसे, पण खटला ऐकायला आलेली माणसं जेवून जात, आणि खटला जितका चुरशीचा तितकी त्यांना भूक जास्त लागे.

त्या गुरुवारी मी मटणाचं सगळ्यात मोठं पातेलं चढवलं होतं, कारण खटला होनोरा क्विल्टीवर होता.

होनोरा म्हणजे आमची होडीवाली. मूळची आयर्लंडची, खांदे बैलासारखे, तोंडात मातीची चिलीम आणि जिभेवर वस्तरा. नवरा गेल्यावर त्याची होडी तिने एक दिवसही बंद ठेवली नाही. नदीच्या पलीकडे लाकडाच्या गिरण्या आणि सफरचंदांच्या बागा, अलीकडे डॉक्टर, चर्च, टपाल आणि माझी बिअर. म्हणजे पलीकडच्या माणसाला जगायला, मरायला आणि प्यायला आमच्याच काठावर यावं लागे, आणि त्याला आणायची ती होनोरा.

आता एक रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. आमची नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी असं ओढतं की एकटं माणूस होडी सरळ नेऊच शकत नाही, नेली तरी कंबरडं मोडतं. म्हणून होडीत दुसरी वल्ही कायम ठेवलेली. जो चढेल त्याने कोट काढायचा आणि वल्ही उचलायची. पाद्रीसाहेब उचलायचे, बँकेचे मॅनेजर उचलायचे, शाळेच्या दोन्ही मास्तरणी तर बँकेपेक्षा बऱ्या उचलायच्या. रूथ ग्रिग्जने लग्नाच्या दिवशी पांढऱ्या झग्यात वल्ही मारली, आणि चर्चमध्ये पोचली तेव्हा तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. धट्टंकट्टं माणूस हात मांडीवर ठेवून बसलं तर पुढे वर्षभर गावात त्याच्याकडे कोणी सरळ तोंडाने बघत नसे.

बसायचं फक्त आजाऱ्याने, बाळंतिणीने, तान्ह्या पोराने आणि घरात मयत झालेल्याने. आणि जो आजाऱ्याला धरून बसला असेल त्यानेही. अशा बसणाऱ्यांकडून भाडं घ्यायचं नाही. तसले पैसे घेऊन पाण्यावर जाऊ नये, असं जुनी माणसं सांगायची. थोडक्यात, वल्ही मारेल त्याने वर तीन पेन्सही द्यायचे, आणि जो आयता बसेल त्याला फुकट. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आमच्याकडे वेड लागल्यासारखं बघतो. बघू दे बापडा.

मग गिल्बर्ट पाइकने वाफेची बोट आणली. पाइक पलीकडच्या सगळ्यात मोठ्या गिरणीचा मालक. उंच, कोरडा माणूस, बोलायलाही पैसे पडतात असं वागणारा. त्याची 'ड्यूक' दिवसातून चार फेऱ्या करायची, धूर ओकायची आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळी टाकायची. तरी माणसं होनोराच्याच होडीने जात. 'ड्यूक' गाळात रुतायची, हे एक कारण. दुसरं म्हणजे होनोराच्या शिव्या ऐकल्याशिवाय आमच्या लोकांना नदी ओलांडल्यासारखं वाटत नसे.

त्याच हिवाळ्यात होबार्टहून नवा नियम आला. भाडं घेऊन उतारू नेणाऱ्या प्रत्येक होडीला परवाना हवा, परवाना फक्त डेक असलेल्या होडीला मिळेल, आणि विनापरवाना उतारू नेले तर होडी जप्त. नियमासाठी अर्ज कोणी केला होता ते सांगायला नकोच. होनोराच्या होडीला डेक बसवायचं म्हणजे टोपलीला छप्पर घालण्यासारखं होतं.

"जप्त झाली तर काय करशील गं?" मी तिला विचारलं.

"लॉन्सेस्टनला बहीण आहे ना. ये म्हणते. भाचरांचे लंगोट धुवायला बाई हवीय तिला."

"मग?"

"मग काय? लंगोट धुवीन." असं म्हणून तिने चिलीम इतक्या जोरात आपटली की ती फुटली. होनोराला बहिणीच्या घरात, चार भिंतींत, दुसऱ्याच्या चुलीपाशी बघायची कल्पनाच मला सोसेना. ती तिथे एक हिवाळाही काढणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पुरावा गोळा करायला चौकीने शिपाई टिलीला साध्या कपड्यांत पाठवलं. टिली इथलाच, गोल चेहऱ्याचा, भला मुलगा. त्याने काय केलं ते न्यायालयातच बाहेर आलं, म्हणून तिथेच सांगते.

गुरुवारी माझ्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पाइकने होबार्टहून वकील आणला होता, क्रेन नावाचा. तरुण, चकचकीत, कॉलर इतकी उंच की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. तो 'ड्यूक'मधून आला होता, त्यामुळे त्याचे तळहात गुलाबी आणि मऊ होते. होनोराकडे वकील नव्हता. आमच्यापैकी कोणी पैसे गोळा करू म्हटलं की ती अंगावर येई.

क्रेनने टिलीला उभं केलं.

"मंगळवारी तुम्ही आरोपीच्या होडीतून पलीकडे गेलात?"

"होय साहेब."

"भाडं दिलंत?"

"दिलं साहेब. तीन पेन्स."

"संपलं," क्रेन लॉकसाहेबांना म्हणाला आणि खुर्चीत असा बसला की जणू त्याला परतीची बोट गाठायची आहे.

लॉकसाहेबांनी चष्म्यावरून होनोराकडे पाहिलं. "मिसेस क्विल्टी, साक्षीदाराला काही विचारायचंय?"

होनोरा उठली. "टिली, त्या दिवशी वारा कसा होता रे?"

"गार होता, मावशी. म्हणजे, मिसेस क्विल्टी."

"मग तू कोट का काढला होतास?"

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं.

"घाम येत होता," टिली म्हणाला.

"बसल्या बसल्या?"

"बसलो कुठे होतो? वल्ही मारत होतो ना."

क्रेन ताडकन उठला, सगळ्या अंगासकट वळला. "वल्ही? तुम्ही सरकारी कामावर होतात. तुम्हाला उतारू म्हणून पाठवलं होतं. तुम्ही वल्ही का मारलीत?"

टिलीला खरोखरच प्रश्न कळला नाही. तो एकदा लॉकसाहेबांकडे आणि एकदा आमच्याकडे बघून म्हणाला, "पण साहेब, मी आजारी नव्हतो."

आम्हा कोणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. टिलीचं उत्तर बरोबरच होतं. क्रेन मात्र तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"महाराज," होनोरा म्हणाली, "या पोराने पाऊण नदी ओढली. परत येताना तर मी चिलीम भरत होते, तेव्हा सगळी होडी त्याच्याच हातात होती. हा उतारू कसला? हा माझा नावाडी. विनापरवाना होडी चालवली म्हणून पकडायचं तर याला पकडा."

टिलीचा चेहरा पडला. लॉकसाहेबांना अचानक खोकला आला. त्यांनी स्वतः किती वेळा शर्टाच्या बाह्या सरसावून त्या होडीत वल्ही मारली होती ते सगळ्या खोलीला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," ते सावरून म्हणाले, "की जे भाडं देतात ते उतारूच नाहीत, ते होडी चालवणारे."

"वल्ह्याला हात लावल्याशिवाय एक पेनी घेत नाही मी कोणाकडून."

क्रेन मूर्ख नव्हता. त्याने पटकन दुसरीकडून फास टाकला. "ठीक. सगळे वल्ही मारतात. पण बाई, कोणीच कधी बसत नाही का? नुसतं बसून कोणी पलीकडे गेलंच नाही?"

"बसतात की."

"मग तो उतारू. त्याने भाडं दिलं असेल, तर एक माणूस पुरे आहे मला."

"बसणाऱ्याला भाडं नाही."

"असं तुम्ही म्हणता. तुमच्या शब्दाशिवाय त्याला पुरावा काय?"

बसून आलेल्यांपैकी बरेचसे चर्चच्या मागच्या कुंपणात झोपले होते, आणि उरलेल्यांना तो दिवस चारचौघांत उगाळायचा नव्हता. माझा नवराही त्या होडीत बसूनच आला होता, शेवटच्या दिवशी. मी सांगायला उठणार, तेवढ्यात क्रेन आपल्या अशिलाकडे वाकला. दोघांत काही कुजबुज झाली. पाइकने दोनदा मान हलवून नकार दिला, असं मला वाटलं. पण क्रेनच्या डोळ्यांत चमक आली होती.

"महाराज, मी मिस्टर पाइक यांनाच साक्षीला बोलावतो."

पाइक उठला, बायबलवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आता हा कवडीचुंबक काय वाटेल ते सांगणार आणि होनोरा लॉन्सेस्टनला जाणार. इतका राग आला मला की हातातला मटण ढवळायचा डाव मोडला असता.

"मिस्टर पाइक, तुम्ही या होडीतून कधी आला आहात?"

"एकदा."

"वल्ही मारलीत?"

"नाही."

"म्हणजे बसला होतात." क्रेन आमच्याकडे बघून हसला. "एक सशक्त माणूस, आरामात बसून, उतारू म्हणून नदी ओलांडतो. आणि भाडं? भाडं दिलंत ना?"

आता खोलीत मटण रटरटण्याचा आवाज तेवढा येत होता. पाइकची बायको एस्थर त्या होडीतच वारली हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिलं मूल, रक्त थांबेना, आणि डॉक्टर अलीकडे. क्रेनला एवढंच माहीत होतं की त्याचा अशील बसला होता. पुढचं विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि पाइकने कोणालाच कधी काही सांगितलं नव्हतं.

"मिस्टर पाइक," क्रेन म्हणाला, "नुसतं हो म्हणायचंय."

नुसतं हो. तेवढ्या एका शब्दावर होनोराची होडी जाणार होती, आणि तो खोटा आहे म्हणायला होनोराशिवाय जगात कोणी नव्हतं.

"मी पैसे पुढे केले होते," पाइक म्हणाला. "धक्क्यावर पोचल्यावर. तिने माझी मूठ मिटवली. म्हणाली, तुम्ही बसून आलात."

"म्हणजे दिलं नाही?"

"नाही. तिने घेतलं नाही."

क्रेनची मान कॉलरमध्ये आणखी खाली गेली. तो कागद चाळू लागला. पण लॉकसाहेब पुढे वाकले. साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मिस्टर पाइक, मग तुम्ही पुन्हा कधी या होडीने का आला नाहीत?"

पाइकने आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"साहेब, दुसरी वल्ही माझ्या पायाशी पडलेली होती. सगळा वेळ. मी एस्थरला धरून बसलो आणि ही बाई एकटी ओढत होती. मी ती उचलली असती तर अर्ध्या वेळात पोचलो असतो. डॉक्टर म्हणाला, थोडा उशीर झाला. मग मला ती होडी बघवेना. माझ्या खिडकीतून रोज दिसते. म्हणून बोट आणली. बोटीत कोणाला काही उचलावं लागत नाही. तरी ही होडी जातच राहिली, म्हणून अर्ज केला. बाकी काही नाही."

मी त्या माणसाला काय काय नावं ठेवली होती, ती मला एकेक करून आठवायला लागली. मी डाव खाली ठेवला.

लॉकसाहेबांनी निकाल द्यायला फारसा वेळ घेतला नाही. नियमात लिहिलंय भाडं घेऊन उतारू नेणं. इथे जे भाडं देतात ते होडी चालवतात आणि जे नेले जातात ते भाडं देत नाहीत, हे सरकारी शिपायाने आणि खुद्द पाइकने शपथेवर सांगितलं. तेव्हा आरोप सिद्ध होत नाही, होडी मिसेस क्विल्टीचीच. टिलीला त्यांनी बजावलं की पुढच्या वेळी साध्या कपड्यांत जाताना हातही घरी ठेवून जा. मग लोकांनी जो काही गोंधळ घातला त्यात माझ्या दोन खिडक्यांच्या काचा आणि बिअरचं एक पिंप संपलं. होबार्टवाल्यांनी पुढे नियमात आणखी दोन ओळी घातल्या म्हणतात, पण तोपर्यंत आमचीही दोन जास्तीची कारणं तयार होती.

क्रेन जेवला नाही. 'ड्यूक' ओहोटीत रुतली होती आणि भरती यायला वेळ होता, म्हणून तो धक्क्यावर फेऱ्या मारत होता. बाकी सगळे बाहेर अंगणात ताटं घेऊन बसले. आत एकटा पाइक राहिला, साक्षीला उभा होता त्याच जागी खुर्ची ओढून बसलेला. मी त्याच्यापुढे मटण ठेवलं. त्याने ताटाकडे बघितलंही नाही.

होनोरा आत आली. मला वाटलं आता ही त्याला सोलून काढणार. ती त्याच्यासमोर बसली, नवी चिलीम काढली, पण पेटवली नाही.

"पाइकसाहेब, तुम्ही तिला कसं धरलं होतं आठवतंय?"

त्याने ताट बाजूला सारलं.

"मी सांगते. तिचं डोकं तुमच्या खांद्यावर होतं. तिचा चेहरा तुमच्या पाठीकडे नव्हता, माझ्याकडे होता. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे, बसणाऱ्याकडे असतं. तुम्हाला तिचे केस दिसत होते, मला तिचे डोळे."

"मिसेस क्विल्टी, मला नको—"

"ऐका. पलीकडचा धक्का सोडला आणि वाळूच्या पट्ट्यापाशीही आलो नव्हतो, तेव्हाच ती गेली. दोन वल्ह्यांनी नाही, दहा वल्ह्यांनीही काही झालं नसतं. डॉक्टर आपल्या काठावर बसून उशीर झाला म्हणतो. त्याला काय माहीत किती झाला ते."

पाइकने मान वर केली. "पण तुम्ही ओढत होतात. जीव तोडून ओढत होतात. तुमच्या हातांतून रक्त येत होतं, मी पाहिलं. ती गेली होती तर तुम्ही—"

"तुम्ही तिच्याशी बोलत होतात," होनोरा म्हणाली. "स्वयंपाकघराला नदीच्या बाजूने खिडकी काढून देतो म्हणत होतात. पडदे कुठल्या रंगाचे ते विचारत होतात. मी सावकाश झाले असते तर तुम्हाला कळलं असतं."

मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले आणि एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. लपवून काय करायचंय, मी रडले.

"सात वर्षं," पाइक म्हणाला. "सात वर्षं तुम्ही मला हे सांगितलं नाहीत."

"सांगणार कुठे, पाइकसाहेब? मी असते होडीत. आणि तुम्ही परत आलाच नाहीत."